चढावर दम सोडणारी जीप



मागच्या सत्रात कार्यशाळेच्या तासाला नववीच्या एका छात्राने विचारले, "उस्ताद, जुन्या डिझेल गाडीचा जोर कमी झाला तर आधी काय खोलायचं?" मी म्हणालो, "काहीच खोलायचं नाही." वर्ग हसला, घंटा झाली आणि उत्तर अर्धेच राहिले. ते पूर्ण करण्यासाठी हा धडा लिहीत आहे. तो मी पुस्तकातून शिकलो नाही. चंडीगडच्या सेक्टर २२ मधल्या एका जीपने तो मला शिकवला, आणि त्याची किंमत काही दिवस एका निरपराध मुलाने मोजली.

गाडी आणि तक्रार

२००८ साली मी ईएमई दलात हवालदार, वाहन मेकॅनिक म्हणून चंडीमंदिरला होतो. रविवारची सुटी मिळाली की सेक्टर २२ मधल्या एका निवृत्त मेजरसाहेबांकडे जायचो. साहेब सातारा जिल्ह्यातले. परमुलखात मराठी बोलायला मिळायचे आणि मेमसाहेबांच्या हातची भाकरी खायला मिळायची.

सेक्टर २२ हा चंडीगडमध्ये अगदी सुरुवातीला वसलेल्या सेक्टरांपैकी एक. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू या वास्तुविशारद दांपत्याने त्याची आखणी केली. विटांची घरे, किरण सिनेमा, शास्त्री मार्केट, रस्त्याकडेला झाडे. चंडीगडचा सेक्टर साधारण ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब, म्हणजे बाहेरून एक फेरी मारली की चार किलोमीटर होतात. हा आकडा लक्षात ठेवा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा : सेक्टर २२ मध्ये चढ नाही.

साहेबांकडे महिंद्राची एमएम ५४० जीप होती, तेव्हा वीसेक वर्षांची. स्वातंत्र्याच्या सुमारास विलिसच्या जीपची जुळणी मुंबईत सुरू झाली, त्याच घराण्यातली ही गाडी. इंजिन एक्सडीपी ४.९०, प्यूजोच्या परवान्यावर आपल्या इगतपुरीत बनणारे. नावातच माहिती आहे : चार सिलिंडर, ९० मिलिमीटर व्यास. स्ट्रोक ८३ मिलिमीटर. गणिताच्या वहीत मांडून पाहा, चार सिलिंडर मिळून २११२ घन सेंटीमीटर येतात. टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही. अश्वशक्ती बासष्टच्या आसपास. आजच्या मोटारींच्या मानाने फार नाही, पण तब्येत ठीक असेल तर ती कसौलीचा घाट न कुरकुरता चढते.

तक्रार अशी होती. गावात गाडी छान चालायची. पण कसौलीला निघाले की परवानूच्या पुढे चढ लागताच थोड्या अंतरावर जोर जायचा. तिसऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात, आणि शेवटी इंजिन दबून बंद. एकदा अशीच वळणावर बंद पडली तेव्हा मागे मालट्रक होता आणि मागच्या सीटवर साहेबांचा सहा वर्षांचा नातू. ड्रायव्हरने हँडब्रेक ओढला, उडी मारून चाकामागे दगड लावला, म्हणून निभावले. त्या रात्री साहेबांचा फोन आला. एरवी कधी न चढणारा त्यांचा आवाज त्या दिवशी चढला होता.

माझी पहिली चूक

पुढच्या रविवारी गेलो तो थेट पान्हा हातात घेऊनच. डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलले, चारही नोझल काढून साफ करून आणले. साहेबांचे पैसे गेले, माझा दिवस गेला. संध्याकाळी सेक्टरला एक फेरी मारली, गाडी उडत होती. मी छाती फुगवून सांगितले, "झालं काम, साहेब."

आठवड्याने साहेब कसौलीला निघाले आणि गाडी त्याच घाटात, जवळपास त्याच ठिकाणी बसली.

आता साहेबांच्या मनात वेगळाच विचार आला. गाडी चालवायला आणि बाजारहाट करायला त्यांनी एक तरुण ठेवला होता, परवानूच्या वरच्या अंगाच्या खेड्यातला, विशीचा. टाकी भरून आणायचे काम त्याचेच. साहेब म्हणाले, "हवालदार, पोरगा डिझेल विकून रॉकेल तर भरत नाही ना?"

मी टाकीचे झाकण उघडले, वास घेतला आणि म्हणालो, "असू शकेल, साहेब."

फक्त एवढेच मी बोललो. पण ईएमईच्या हवालदाराने वास घेऊन 'असू शकेल' म्हटले की ऐकणाऱ्याला ते 'आहे' असेच ऐकू येते. संध्याकाळी त्या मुलाने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि काही न बोलता निघून गेला. जाताना त्याने माझ्याकडे पाहिले. ती नजर बरेच दिवस डोळ्यांसमोरून हलली नाही.

खोलण्याआधी विचारायचे प्रश्न

सिकंदराबादला शिकत असताना आमचे उस्ताद वर्गात शिरताच सांगायचे, "पहिली पाच मिनिटं दोन्ही हात खिशात." त्या रात्री बरॅकमध्ये मी वही काढली आणि जे आधी करायला हवे होते ते आता केले. तेच तुम्हांला क्रमाने सांगतो.

पहिला प्रश्न : इंजिन कमजोर आहे, की गाडीला कुणी धरून ठेवले आहे? ब्रेक अडकून राहिला, चाकांत हवा कमी असली किंवा डांबरी रस्त्यावर चारचाकी जोड चुकून लागलेली राहिली, तरी गाडी ओढत नाही, आणि दोष मात्र इंजिनाला लागतो. तपासणी सोपी आहे. सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडा, किती घरंगळते ते पाहा. मग थांबून प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात न्या. एखादे बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तिथे ब्रेक घासतो आहे. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही. आमच्या जीपचे इंजिन घाटात दबत होते, मोकळे पळत नव्हते. म्हणजे क्लच सुटला.

दुसरा प्रश्न : पायाचा हुकूम पंपापर्यंत पोहोचतो का? एकाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि बॉनेट उघडून पंपावरचा दांडा शेवटच्या स्क्रूला टेकतो का ते पाहा. पायाखालची जाड चटई किंवा सैल झालेली तार एवढ्यानेही पाव जोर जाऊ शकतो. इंजिन बंद ठेवून ही तपासणी एका मिनिटात होते, आणि हीच सर्वांत जास्त वेळा विसरली जाते.

तिसरा प्रश्न : धूर कसा आहे? डिझेल इंजिनाची नाडी म्हणजे धूर. हा भाग नीट वाचा.

सिलिंडरमध्ये आधी नुसती हवा जाते. ती साधारण वीसपट दाबली जाते आणि त्या दाबानेच पाचशे अंश सेल्सियसच्या घरात तापते. मग नोझल त्यात डिझेलचा फवारा मारते आणि ते आपोआप पेटते. ठिणगी लागत नाही. म्हणून अशा इंजिनाला चार गोष्टी हव्यात : पुरेशी हवा, पुरेसे डिझेल, पुरता दाब आणि फवाऱ्याची अचूक वेळ. यातले काय कमी आहे ते धूर सांगतो.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर क्लीनर तुंबलेला असेल, नोझल फवारा न मारता थेंब गाळत असेल किंवा गाडीवर ओझे जास्त असेल.

पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे डिझेल आत गेले पण पेटले नाही. थंड इंजिन, कमी दाब किंवा उशिरा होणारा फवारा.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सील यांकडे पाहा.

आणि चौथी स्थिती, जिला धुराचे नावच नाही : जोर नाही, पण धूरही नाही. म्हणजे जेवढे डिझेल आत जाते ते नीट जळते आहे, जातेच कमी. इंजिन आजारी नाही, उपाशी आहे.

साक्षीदार

वहीत एवढे मांडल्यावर लक्षात आले की घाटात धूर कोणता होता हे मला माहीतच नाही. साहेब पुढच्या सीटवर बसलेले, मी चंडीमंदिरला. आरशात पाहणारा एकच माणूस होता, आणि त्यालाच आम्ही घालवले होते.

पुढच्या रविवारी शास्त्री मार्केटच्या अंगाला एका चहाच्या टपरीवर तो भेटला. मी समोर बसलो. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "उस्तादजी, धुआँ तो मारती ही नहीं." आणि विचारत गेलो तशा आणखी दोन गोष्टी कळल्या. चढ सुरू झाल्यावर पहिले दीड-दोन किलोमीटर गाडी उत्तम ओढते, मगच मरते. आणि बंद पडल्यावर दहा मिनिटे उभी केली की पुन्हा तशीच उत्तम ओढते.

तीन वाक्यांत त्याने अर्धे निदान केले होते. आजवर त्याला कुणी विचारलेच नव्हते.

आता त्याचे म्हणणे तर्काला लावून पाहा. दहा मिनिटांच्या विश्रांतीने रिंगा बऱ्या होत नाहीत. नोझलची झीज भरून येत नाही, फवाऱ्याची वेळ सुधारत नाही. जे इंजिन दोन किलोमीटर पूर्ण जोर देते, त्याचा दाब, नोझल आणि वेळ ठीक आहेत. म्हणजे मी साफ करून आणलेल्या नोझलांत मुळी दोष नव्हता, आणि इंजिन खोलायला लावणाऱ्याने साहेबांचे पैसे बुडवले असते.

उंचीचे कारणही तपासून घेतले. चंडीगड समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटरवर, कसौली सुमारे १८०० मीटरवर. एवढ्या चढाईत हवा तेरा-चौदा टक्के विरळ होते. या इंजिनात ३००० फेऱ्यांना दर मिनिटाला कागदावर ३१६८ लिटर हवा जाते. (२.११२ लिटर गुणिले १५००, कारण दोन फेऱ्यांत एकदाच हवा आत येते. प्रत्यक्षात थोडी कमीच भरते.) वर गेल्यावर लिटर तेवढेच, पण त्यातला प्राणवायू कमी. त्यामुळे जुन्या, टर्बो नसलेल्या इंजिनाचा थोडा जोर डोंगरात जाणारच; तो दोष नव्हे. पण पंप डिझेल तेवढेच देत राहतो, म्हणून अशा वेळी काळा धूर वाढायला हवा. इथे धूर नव्हता, आणि गाडी तर घाटाच्या पायथ्यालाच मरत होती. उंची सुटली, एअर क्लीनरही सुटला.

उरला डिझेलचा पुरवठा. तो सेक्टर २२ मध्ये का पुरतो आणि घाटात का पुरत नाही? हे इंजिन जागेवर चालताना तासाला लिटरभरही डिझेल पीत नाही. पूर्ण जोरात तासाला पंधरा-सोळा लिटर पिते. रस्ता अर्धा बंद असेल तर लिटरभर डिझेल त्यातूनही आरामात येते. सपाट रस्त्यावर आपण पूर्ण जोर लावतो तो दहा-पंधरा सेकंद, आणि तेवढ्यापुरता साठा फिल्टरच्या भांड्यांत असतो. माझी सेक्टरची फेरी ही चाचणीच नव्हती. जो दोष ओझ्याखाली दिसतो तो ओझ्याखालीच तपासावा लागतो.

साखळी मधोमध तोडा

डिझेलचा मार्ग एका ओळीत लिहा : टाकीचे झाकण, टाकीतली जाळी, लोखंडी नळी, रबरी नळी, फीड पंप, फिल्टर, मुख्य पंप, नोझल. आठ कड्या. एकेक तपासत गेलात तर आठ तपासण्या. मधोमध तोडलीत तर एका तपासणीत अर्ध्या कड्या निर्दोष ठरतात. वायरलेस सेट असो, पाण्याची पाइपलाइन असो वा ट्रॅक्टर, ही पद्धत सगळीकडे चालते.

आम्ही ती अशी वापरली. त्या मुलाला मी विनंती केली, साहेबांना फोन केला, आणि तिघे परवानूला गेलो. गाडी त्याने चालवली. बरोबर अग्निशामक, चाकामागे लावायला दोन लाकडी ठोकळे, आणि पाच लिटरचा स्वच्छ डबा.

पहिली चढाई, गाडी जशी आहे तशी. पावणेदोन किलोमीटरवर मेली.

दुसरी चढाई, टाकीचे झाकण सैल करून. झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असेल तर टाकीत निर्वात तयार होतो आणि डिझेल येत नाही. झाकण सैल केले की गाडी सुधारते. सुधारली नाही. त्याच ठिकाणी मेली. झाकण सुटले.

तिसरी चढाई. फीड पंपाला टाकीकडून येणारी नळी सोडवली आणि त्या जागी पारदर्शक नळी लावून ती डब्यात सोडली. इंजिनातून परत येणाऱ्या जादा डिझेलची नळीही डब्यात. इथे एक बारकावा आहे. डबा वर टांगला तर डिझेल वजनाने आपोआप उतरते आणि फीड पंप अशक्त असला तरी ते कळत नाही. म्हणून डबा टाकीच्याच उंचीला, घट्ट बांधून ठेवायचा. मग हँड प्रायमर मारून पंपातली हवा काढली आणि निघालो.

दोन किलोमीटर गेले. तीन गेले. पाच गेले. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढत होती आणि मागे हलका काळपट धूर सोडत होती. पोटभर जेवलेल्या इंजिनाचा धूर. डब्यात लिटरभर उरल्यावर थांबलो. तो मुलगा हसला. साहेब हसले नाहीत. ते त्याच्याकडे पाहत होते.

फीड पंप, फिल्टर, मुख्य पंप आणि नोझल एका चाचणीत निर्दोष ठरले. दोष टाकी आणि फीड पंप यांच्या मधल्या तीन कड्यांत.

सापडलेला दोष

सेक्टर २२ ला परत आलो. लोखंडी नळीतून टाकीच्या दिशेने सायकलच्या पंपाने हवा मारली. टाकीत मोकळे बुडबुडे आले. जाळी आणि लोखंडी नळी साफ. राहिला लोखंडी नळी आणि फीड पंप यांना जोडणारा वीतभर रबरी तुकडा. बाहेरून अगदी चांगला. एक तडा नाही, एक थेंब गळती नाही.

तो मधून उभा चिरला. आतला थर फुगून मऊ झाला होता आणि एका बाजूने सुटून जिभेसारखा लोंबत होता. हळू प्रवाहात जीभ बाजूला राहायची. घाटात ओढ वाढली की ती आडवी होऊन वाट बंद करायची, मऊ नळीही आत दबायची. इंजिन थांबले की ओढ संपायची आणि जीभ मागे जायची. दहा मिनिटांच्या विश्रांतीचा अर्थ तो होता.

फीड पंपाच्या अलीकडची बाजू ही ओढीची बाजू, पलीकडची दाबाची. दाबाच्या बाजूला दोष असेल तर डिझेल बाहेर गळते आणि दिसते. ओढीच्या बाजूला दोष असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. तिथे हवा आत जाते किंवा नळी आत दबते. म्हणून 'कुठे गळत नाही' याचा अर्थ 'सगळे ठीक आहे' असा होत नाही.

नळी अशी का झाली? कारण ती डिझेलची नव्हतीच. साधे रबर डिझेलमध्ये फुगते आणि कुजते. डिझेलसाठी नायट्राइल रबराची नळी लागते. ही बागेत पाणी घालायच्या नळीचा कापलेला तुकडा होती.

आणि तो तुकडा मीच बसवला होता. आठ महिन्यांपूर्वी, एका रविवारी संध्याकाळी, जुनी नळी तडकलेली दिसली. दुकाने बंद होती. साहेबांच्या गॅरेजमध्ये पडलेल्या नळीतून वीतभर कापून बसवली आणि मनाशी म्हटले, पुढच्या रविवारी बदलू. पुढचा रविवार आला नाही. कुठेही लिहून ठेवले नव्हते, म्हणून विसरलो.

चिरलेली नळी हातात घेऊन मी गॅरेजमध्ये उभा होतो. ती खिशात घालून नवीन बसवली असती तर कुणाला काही कळले नसते. गाडी बरी झाली असती, आणि मुलावरचा संशय तसाच राहिला असता, कारण दोष काय होता हे कुणालाच कळले नसते. मी ती साहेबांसमोर टेबलावर ठेवली, जिथे त्या मुलाने किल्ली ठेवली होती, आणि सांगितले.

साहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वास तू घेतलास, हवालदार. पण निर्णय माझा होता." ते उठले, आणि त्या मुलाला त्यांनी माझ्यासमोर, मेमसाहेबांसमोर, "माझं चुकलं" असे हिंदीत सांगितले. मीही सांगितले. तो ओशाळला, "कोई बात नहीं" म्हणाला. पण बात होती, आणि ती आम्हा तिघांनाही माहीत होती.

डिझेलचा संशयही अर्धवट सोडला नाही. टाकीतला नमुना आणि पावती घेऊन पेट्रोल पंपावर गेलो. प्रत्येक पंपावर घनतामापी, तापमापी आणि रोजच्या घनतेची नोंदवही असते. ग्राहकाला घनता तपासून मागता येते. रॉकेल डिझेलपेक्षा हलके, मिसळले की घनता उतरते. आमच्या नमुन्याची घनता पावतीच्या तारखेच्या नोंदीशी जुळली. ही तपासणी दहा मिनिटांची होती. मी ती पहिल्या दिवशी केली असती तर मुलगा घरी गेलाच नसता.

सुरक्षेच्या सूचना

नोझलकडे जाणाऱ्या नळीतला दाब जुन्या इंजिनातही वातावरणाच्या दाबाच्या शंभरपटीहून जास्त असतो. तो फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट गमवावे लागू शकते. गळती शोधायला हात कधीच लावू नका, पुठ्ठा धरा. असा फवारा लागला तर दुखो न दुखो, ताबडतोब दवाखाना.

जुन्या इंजिनात एकेका नोझलची नळी सैल करून कोणता सिलिंडर काम करत नाही हे उस्ताद शोधतात. नव्या कॉमन रेल गाड्यांत हे कधीही करू नका. तिथला दाब हजारपटीहून जास्त असतो.

गाडी चढावर बंद पडली तर आधी हँडब्रेक, मग गिअर, मग चाकामागे ठोकळा, बॉनेट त्यानंतर.

पालकांसाठी दोन शब्द

तुमच्यापैकी अनेकांकडे ट्रॅक्टर किंवा जुनी डिझेल जीप आहे. नांगरट करताना ट्रॅक्टर दबत असेल तर पंप काढून देण्याआधी चालवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा : धूर कसा आहे, किती वेळाने दबतो, थांबल्यावर सुधारतो का. मग झाकण, जाळी, नळ्या आणि फिल्टर या क्रमाने जा. स्वस्त आणि सोपे आधी, महाग आणि अवघड शेवटी. आणि कामचलाऊ दुरुस्ती केलीच, तर तारीख घालून लिहून ठेवा. मी आजही प्रत्येक तात्पुरत्या कामावर लाल फीत बांधतो.

छात्रांनो, उद्या तुमच्यापैकी काही जण अधिकारी होतील. तुमच्या हाताखाली गाड्या असतील आणि माणसेही असतील. गाडी चालत नसली की माणसावर संशय घेणे सोपे असते, कारण माणूस समोर उभा असतो आणि नळीची आतली बाजू दिसत नाही. आमच्या ईएमईचे बोधवाक्य आहे, 'कर्म हि धर्म'. मी त्याचा अर्थ पुष्कळ वर्षे 'काम नीट करा' एवढाच घेत होतो. केलेले काम चुकले तर ते स्वतःच्या नावावर घेणे हाही त्याचाच भाग आहे, हे मला सेक्टर २२ च्या त्या गॅरेजमध्ये कळले.

स्वाध्याय

१. एक जुनी डिझेल जीप चढावर जोर सोडते आणि दाट काळा धूर मारते. पहिल्या तीन तपासण्या क्रमाने लिहा आणि प्रत्येकीचे कारण सांगा.

२. डबा लावून चाचणी घेतली आणि गाडीत काहीच सुधारणा झाली नाही. आता कोणत्या कड्या निर्दोष ठरल्या आणि कोणत्या उरल्या?

३. सिलिंडरचा व्यास ९० आणि स्ट्रोक ८३ मिलिमीटर असताना चार सिलिंडरांचे एकूण घनफळ काढा. हे इंजिन २००० फेऱ्यांना दर मिनिटाला किती लिटर हवा घेईल?

४. टाकीच्या झाकणाचे छिद्र बुजले असते तर या जीपची लक्षणे कशी असती? आमच्या लक्षणांत आणि त्यांत साम्य कोणते, आणि फरक कोणत्या चाचणीने कळला?

उत्तरे वहीत लिहून शनिवारी कार्यशाळेत आणावीत. तो चिरलेला रबराचा तुकडा मी जपून ठेवला आहे. ज्याला पाहायचा असेल त्याने मागून घ्यावा.